यजमान दगडूआप्पा

दगडूआप्पा रोज संध्याकाळी माळवदावर चढायचे आणि भोंगा फुंकायचे. फुंकायचे म्हणजे काय, एकदा 'पोम्' करायचे आणि थांबायचे. डोळे मिटलेले, मान हलतेय, पायाचा अंगठा माळवदाच्या मातीवर ताल धरतोय आणि भोंगा मुका. मग पुन्हा 'पोम्, पोम्' आणि पुन्हा बराच वेळ काही नाही. धारूरात कुणी नवा पाहुणा आला की त्याला वाटे, म्हाताऱ्याला दम लागलाय. गावाला मात्र सवय झाली होती. आमच्या गल्लीतल्या बायका आप्पांच्या भोंग्यावर दिवेलागणीची वेळ ओळखत.

आमचं कापडाचं दुकान, त्याच्या मागच्या भिंतीला लागून आप्पांचं घर. दुकानात वडील बसत आणि मी त्यांच्या हाताखाली थान उलगडायचं न् गुंडाळायचं काम करी. लग्न झालं होतं, तरी कर्ता झालो नव्हतो. एकदा मी शिडी लावून वर गेलो आणि विचारलं, "आप्पा, मधे मधे थांबता कावून?"

"थांबत न्हाई. मधलं बाकीचे वाजिवतात."

"बाकीचे कुठंयत?"

आप्पांनी भोंग्याचं तोंड धोतराच्या सोग्यानं पुसलं. "कोन मेले, कोन आपापल्या गावी गेले. पन मला ऐकू येतं. तुमाला येत न्हाई, त्याला मी काय करू?"

तेव्हापासून माझी आणि त्यांची गट्टी जमली. तोवर गावात भोंग्याची थट्टा करणाऱ्यांत मी पहिला होतो.

आप्पा मोमिनाबादच्या छावणीतले. मोमिनाबाद हे सरकारी कागदावरचं नाव, लोकांच्या तोंडी आंबेजोगाईच. तिथं घोडदळाचा रिसाला होता आणि रिसाल्याचा बँड होता. त्या बँडात आप्पांनी उभी जवानी हा पितळी भोंगा छातीशी धरून काढली. त्याला इंग्रजी नाव होतं आणि आप्पा ते ऐटीत सांगत, पण आमची जीभ त्यावर कधी वळली नाही. पुढं छावणी मोडली, घोडे गेले, साहेब गेले आणि बँडाची वाद्यं लिलावात निघाली. पोचे आलेला हा भोंगा, दोन ढोल, एक झांजांची जोडी आणि एक काळी क्लारनेट एवढं आप्पांनी बायकोचे दागिने मोडून घेतलं आणि गाडीत घालून धारूरला आणलं. गावी आल्यावर प्लेगात बायको गेली. पोरबाळ नव्हतं. पिंशनीवर एका माणसाचं भागत होतं. भाकरी स्वतः थापत, ती जाड होई आणि मधे कच्ची राही.

भोंगा हे वाद्यच असं, की त्याला स्वतःचं गाणं नाही. सनईवाला एकटा बसला तरी रात्र काढील, पेटीवाला काढील. भोंग्यानं बाकीच्यांच्या पायाखाली नुसतं 'पोम्' ठेवायचं. आप्पा म्हणत, "एकट्याचा भोंगा म्हंजे नुसती बोंब." म्हणून त्यांनी बँड काढायचं मनावर घेतलं. त्यांना गावात नाव करायचं नव्हतं, कमाई तर नकोच होती. मरण्याआधी एकदा भरल्या बँडात उभं राहून आपलं 'पोम्' त्याच्या जागी पडलेलं ऐकायचं, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती.

बँडात पहिला मी आलो, झांजा घेऊन. मग किसनशेठ सोनार. दिवसभर नाजूक हातोडीनं टिकटिक करणाऱ्या त्या माणसाला मोठा ढोल बडवायला मिळाला आणि त्याचा चेहराच बदलला. लहान ढोलावर बाबूमियां शिंपी. त्यांचा हात मशीन चालवावी तसा एकसारखा चाले. आप्पा आम्हाला अंगणात ओळीनं उभं करून कवायत घेत. माझी झांज नेहमी आधी वाजे. "दुकानदार, गिनती सोडू नका," ते ओरडत. "मुकं ऱ्हानं बी वाजिवनंच हाय. तुमाला कळत न्हाई का बे?" रागावले की शेठ-मियां सगळ्यांना एकजात 'बे'.

बँड सुरू करायच्या आधी त्यांनी आम्हाला देवीच्या देवळात नेऊन बेलभंडार उचलायला लावला. शपथ अशी, की आपण हौशी. वाजवल्याबद्दल कुणी छदाम घेणार नाही आणि घेतला तर तो बँडातून गेला. बाबूमियांनी बेलभंडाराऐवजी कुराणाची शपथ घेतली. पैसे न घेण्याची ही अट किसनशेठच्या समाधानासाठी होती. त्याच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. सोनाराच्या घरात वाजंत्री निघाला म्हटल्यावर कोण सोयरीक करणार, ही त्याची भीती. पण आप्पांनाही ती अट मनापासून पटलेली होती. "रिसाल्यात पगार हुकमाचा व्हता. सुपारी घिऊन दारोदार फुंकायचं, ते आपलं काम न्हाई," असं ते म्हणत.

सगळं होतं आणि गाणं नव्हतं. क्लारनेट वाजवायला कुणीच मिळेना. शाळेतल्या मास्तरांनी हौसेनं तोंडाला लावली. पंधरवड्यात त्यांचे ओठ सुजले आणि त्यांच्या बायकोनं येऊन आप्पांना चार शब्द सुनावले. त्यानंतर क्लारनेट खुंटीला. आम्ही आपले ढोल, झांजा आणि भोंगा घेऊन रोज रस्ता बांधत होतो, त्यावरून चालायला कुणी नाही. भिंतीवरून लोक विचारत, "आप्पा, हे गाणं कोणतं?" आप्पा सांगत, "गानं वाटंवर हाय, येतंय." गावाला हे वाक्य इतकं आवडलं, की कुणाची सून माहेराहून यायला उशीर झाला तरी म्हणत, सून वाटंवर हाय, येतेय.

त्या साली दसऱ्याच्या पालखीमागं वाजवायची परवानगी देवळाच्या पुजाऱ्यांनी दिली. पालखीपुढं हलगी-सनईचा मान गावच्या वाजंत्र्यांचा, त्याला आम्ही धक्का लावणार नव्हतो. पण पालखीमागं का होईना, सगळ्या गावासमोर वाजवायचं आणि गाण्यावाचून? आप्पांना मोमिनाबादेतले दोघे भाऊ आठवले. थोरल्याचं नाव हरिबा. दोघेही जुन्या बँडातले. हरिबा क्लारनेट वाजवी, धाकटा बाजा, म्हणजे भोंग्याचंच लहान भावंड. छावणी मोडल्यावर दोघं लग्नाच्या सुपाऱ्या घेत होते. पैसे दिले की येतील, हे उघड होतं. द्यावेत की न द्यावेत यावरून आप्पांच्या अंगणात आठवडाभर रण माजलं.

किसनशेठ म्हणाला, "न्हाई म्हंजे न्हाई. दोघं पैशानं वाजिवनार आन तिघं-चौघं फुकट, लोकाला काय दिसनार? सगळेच वाजंत्री दिसनार. आपन शपथ कावून घेतली मग?"

बाबूमियां टोपी सारखी करत म्हणाले, "शेठ, अंगरख्याला कापड कमी पडलं तर दुसऱ्या थानातला तुकडा लावतोच ना मी? आंगरखा पुरा व्हायला पाहिजे. तुकडा कुठला, ते कोन बघतंय?"

"बघतेत. गिऱ्हाईक पैलं तेच बघतंय," मी म्हणालो. दुकानदाराला खरं बोलायची ती एक जागा. पण माझं मत मला विचाराल तर मला ते गाणं ऐकायचं होतं.

एके सकाळी पाहिलं तर आप्पांच्या घराला कडी. दोन-चार दिवसांनी कुणाच्या तरी गाडीतून धुळीनं पांढरे होऊन उतरले आणि आम्हाला बोलावून म्हणाले, "सुपारी दिऊन आलो. माझ्या पिंशनीतून. आपन कुनी घेतलेलं न्हाई, दिलेलं हाय. शपथ मोडत न्हाई." किसनशेठनं बराच वेळ ढोलाच्या दोऱ्या ओढल्या आणि मग म्हणाला, देण्याला हरकत नाही. त्या रात्री आप्पांच्या हातची कच्ची भाकरी आम्ही सगळ्यांनी आनंदानं खाल्ली. बाबूमियांनी तर दुसरी मागून घेतली.

दसऱ्याला दुपारीच दोघे भाऊ आले. हरिबा म्हातारा झाला होता, पण क्लारनेटची पेटी त्यानं नव्या नवरीसारखी जपून आणली होती. गळाभेट झाली. अंगणात सीताफळं फोडून झाली. मग आम्ही ओळ धरली आणि आप्पांनी भोंगा उचलून छातीशी घेतला, तसा हरिबानं तोंडाजवळची क्लारनेट खाली केली.

"आप्पा, तुमी कावून भोंगा उचलता?"

"म्हंजे? वाजवायला."

"तुमी यजमान हाव. सुपारी तुमच्या हातची हाय."

मग त्यानं समजावून सांगितलं. वाजंत्र्यांच्यात असा कायदा, की ज्याच्या हातून सुपारी घेतली तो यजमान. यजमानानं फेटा बांधून बँडापुढं चालायचं. त्यानं वाजंत्र्यांच्या रांगेत उभं राहून फुंकायचं नाही. जो रांगेत उभा राहतो तो सुपारीतला वाटा घेतो, मग तो नवशिका असो की म्हातारा. वाटा न घेता फुंकणारा माणूस रांगेत घेतला, की उद्या प्रत्येक सावकार म्हणेल, माझा भाचा फुकट वाजवतो, तुम्ही कशाला हवेत? किसनशेठ, बाबूमियां आणि मी यजमानाच्या घरचे हौशी, आम्ही मागं वेगळ्या रांगेत ताल धरला तर चालेल. पण भोंगा त्यांच्या रांगेतला, सुराचा. तिथं यजमान चालणार नाही.

आप्पांना हे ठाऊक नव्हतं. रिसाल्यात सुपारी नव्हती. हुकूम होता, पगार होता. जन्मभर बँडात काढूनही वाजंत्र्यांचा हा साधा कायदा त्यांच्या कानावर गेला नव्हता. आणि आनंदाच्या भरात त्यांनी सुपारी माझ्या किंवा पुजाऱ्याच्या हातून न देता आपल्याच हातानं दिली होती.

मी म्हणालो, "मग सुपारी परत घेऊन मी देतो."

हरिबानं कानाला हात लावले. "आज दसरा. घेतलेली सुपारी परत करनारा वाजंत्री पुन्हा कुनाच्या दारात उभा ऱ्हात न्हाई, शेठ. आप्पांना वाजवायचंच आसंल तर वाटा घ्यावा. मी आनंदानं दीन."

सगळे आप्पांकडं पाहू लागले. वाटा घेतला तर त्यांनीच घातलेली शपथ मोडत होती. किसनशेठ ढोल खाली ठेवून निघून जायला तयारच होता. तो गेला की मोठा ढोल गेला. दोघा भावांना परत पाठवलं तर पुन्हा गाण्यावाचून रस्ता. पुजाऱ्यांचा माणूस तेवढ्यात सांगायला आला, पालखी उचलली. आप्पांनी भोंगा घरात नेऊन फळीवर ठेवला. बाहेर आले तेव्हा डोक्याला फेटा होता.

"चला," म्हणाले. "देवी थांबत न्हाई."

काय वाजवलं त्या दोघांनी! धारूरच्या किल्ल्याच्या वाटेवर असं काही कधी वाजलं नव्हतं. बायका दारात आल्या, पोरं नाचली, माझी झांजसुद्धा त्या दिवशी बहुतेक वेळेवर पडली. पुढं आप्पा एकटे चालत होते. त्यांच्या आजूबाजूला मोकळी जागा, कारण यजमानाच्या अंगाला अंग लावून कुणी चालत नाही. मला त्यांची पाठ दिसत होती. भोंग्याची जागा आली की त्यांचे खांदे वर येत, गालही फुगत असावेत, आणि मग खांदे खाली येत. मला फार वाईट वाटलं. वाजवता वाजवता रडणारा झांजवाला कुणी पाहिला नसेल, म्हणून मी ते घाम पुसल्यासारखं केलं.

शिलंगणाला लोकांनी आप्पांच्या हातात आपट्याची पानं देऊन पाय धरले. "आप्पा, काय बँड आनला!" जो तो म्हणे. आणला म्हणत सगळे, वाजवला कुणी म्हणेना. परतताना किसनशेठ इतका खूश होता, की त्यानं आप्पांची समजूत घालायचं ठरवलं. "मनाला लावून घिऊ नका. भोंग्यावाचून कायी आडलं न्हाई. उलट गानं मोकळं ऐकू आलं." हे तो चांगल्या मनानं बोलला. आप्पा "बराबर हाय" म्हणाले. त्या संध्याकाळी माळवदावर कुणी चढलं नाही. आमच्या घरात दिवा लावायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावांची गाडी जुंपलेली होती. आप्पांनी यजमान म्हणून त्यांना नारळ दिले. मग आत जाऊन भोंगा आणला आणि गाडीत ठेवला. पाठोपाठ वळकटी आणली. क्लारनेट आणि बाकीची वाद्यं आमच्यासाठी खुंटीला तशीच ठेवली. आम्हाला वाटलं, भोंगा विकायला काढला.

"हरिबा, माझा वाटा लाव," आप्पा म्हणाले.

किसनशेठचा आवाज चढला. "या वयात वाजंत्री व्हनार? सुपारीवर दारोदार? त्याच्या घरी खानार-पिनार? जात हाय का न्हाई तुमाला?"

"छावनीत एकाच ताटात खाल्लंय आमी. तवा कुनी इचारलं न्हाई." आप्पा गाडीच्या चाकाला टेकले. "शेठ, शपथ मी घालायला लावली, मीच मोडतो. पाप लागायचं तर मला लागू दे. तुमी कुनी मोडू नका." आणि माझ्याकडं वळून, "दुकानदार, गिनती सोडू नका." गाडी निघाली तेव्हा बाबूमियां वेशीपर्यंत मागोमाग चालत गेले. किसनशेठ तिथूनच परत फिरला. त्याच्या मुलींची लग्नं पुढं चांगली झाली, पण ढोल काही त्यानं पुन्हा गळ्यात घातला नाही. ढोल आणि झांजांचा बँड होत नाही, ते तसंच राहून गेलं.

गावानं आप्पांना फार नावं ठेवली. रिसाल्याचा माणूस शेवटी सुपारीवर गेला, म्हाताऱ्याला चळ लागला, असलं बरंच काही. मी त्यांची बाजू घेऊन भांडलो आणि वडिलांची बोलणी खाल्ली. आप्पा पुढं मोमिनाबादेतच वारले. निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं. माझी आणि त्यांची शेवटची गाठ मात्र मला विसरता येत नाही.

घाट उतरून तेलगावला एका व्यापाऱ्याच्या घरी लग्न होतं आणि मी वऱ्हाडात होतो. बँड मोमिनाबादचा. नवरदेवाच्या मिरवणुकीत मला मागून फक्त भोंग्याचं पितळ दिसलं आणि मी समजलो. अक्षता पडल्या, आत पंगत मांडली जाऊ लागली, तसा मी मांडवाबाहेर आलो. वाजंत्र्यांना बाहेर, बाभळीखाली बसवलं होतं. आधी आतल्या पंगती उठायच्या, मग त्यांचं जेवण. दहा-बारा माणसं ओळीनं मांडी घालून बसली होती आणि त्यांच्या मधोमध आप्पा. वाळले होते. दात गेले होते. शेजारचा पोरगेला वाजंत्री त्यांच्या खांद्याला टेकून पेंगत होता.

मी समोर उकिडवा बसलो. "आप्पा, परत चला. घर तसंच आहे. किसनशेठ काही बोलायचा नाही, मी बघतो."

ते हसले. "यिऊन काय करू?"

"गावात तुमची इज्जत होती."

"व्हती की. लई व्हती. दसऱ्याला फेटा बांधून चाललो तवा सगळं गाव पायाला लागलं. पन दुकानदार, माझ्या शेजारी कोनी चाललं का?" त्यांनी डावा हात खांद्यावर पेंगणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला आणि उजव्या हातानं पलीकडच्या माणसाची मांडी थोपटली. "हितं हिकडं मानूस हाय, तिकडं मानूस हाय. मी चुकलो तर दोगं बी शिव्या देतेत."

मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटत होतं. मी वहाणा काढून मांडी घालणार तोच आप्पांनी माझ्या गुडघ्याला हात लावून थांबवलं. आतून कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं. व्यापाऱ्याचं घर आमचं जुनं गिऱ्हाईक होतं आणि माझा पाट यजमानाच्या ओळीत मांडला होता.

"जावा आत," आप्पा म्हणाले. "तुमची पंगत बसली."

मी उठलो. आत माझ्या पाटाभोवती रांगोळी होती, उदबत्ती होती, आणि मान म्हणून दोन्ही बाजूंना चांगली हातभर जागा सोडलेली होती.